ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट सफारी सुरू करायची झाल्यास ती कोणत्या अटींवर असावी?

प्रश्न विचारणारे : माळावरचा (नाशिकरोड)

नमस्कार मंडळी. माझे मूळ गाव येवला तालुक्यात, राजापूरच्या पंचक्रोशीत आहे. नोकरीमुळे मी नाशिकरोडला असतो आणि गावाकडची शेती थोरले बंधू पाहतात. ममदापूर, राजापूर, खरवंडी, देवदरी आणि सोमठाण जोश या गावांच्या शिवारातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर वनजमीन २०१४ मध्ये काळवीट संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाली, हे येथील बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हरणे पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या रविवारी येवला-नांदगाव रस्त्यावर दिसतातच; सिंहस्थाच्या निमित्ताने २०२७ पर्यंत जिल्ह्यात पर्यटकांचा ओघ वाढणार, हे गृहीत धरून गावातील काही तरुणांनी आता उघड्या जीपमधून सफारी, माळाच्या कडेला तंबू, हिवाळ्यात हुरडा, येताना अणकाई-टणकाईची लेणी आणि जाताना येवल्याची पैठणी, असा एक दिवसाचा कार्यक्रम आखला आहे.

कल्पना मला वाईट वाटत नाही. मात्र गावात सरळ दोन तट पडले आहेत. वडीलधाऱ्यांना अशी धास्ती आहे की पर्यटक आले म्हणजे उद्या अभयारण्य होईल, आणि मग स्वतःच्या बांधावरचे झाड तोडायलाही परवानगी काढावी लागेल. तरुण मंडळी म्हणतात की आफ्रिकेत मसाई लोक हेच करून पोट भरतात, मग आपण का नाही. या आफ्रिकेच्या दाखल्यात तथ्य किती आणि ऐकीव किती, हे मला समजून घ्यायचे आहे. माळावर गाड्या किती सोडाव्यात, पैसा कोणाच्या हाती जावा आणि दरवर्षी मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगर वाड्यांचे काय करायचे, या तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर : नैरोबी ते निफाड

कामानिमित्त मी काही वर्षे केनियात होतो, त्यामुळे या दाखल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ‘मसाई मारा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येते ते सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय राखीव क्षेत्र असते. ते नारोक काउंटी सरकारच्या ताब्यात आहे आणि तेथील प्रवेश शुल्क सरकारकडे जमा होते. तुमच्या तरुणांनी ऐकलेली गोष्ट त्या राखीव क्षेत्राची नसून त्याच्या उत्तरेला व पूर्वेला लागून असलेल्या खासगी संवर्धन क्षेत्रांची आहे. तेथील जमीन पूर्वी मसाईंची सामाईक कुरणे होती; पुढे तिचे वाटप होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडे पडले. तुकडे पडले म्हणजे कुंपणे पडणार आणि कुंपणे पडली की विल्डेबीस्ट नावाची मोठी हरणे आणि झेब्रे यांच्या वाटा बंद होणार, हे दिसू लागल्यावर २००५ च्या सुमारापासून शेजारशेजारच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन आपले तुकडे पर्यटन कंपन्यांना खंडाने द्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये सुरू झालेल्या नाबोइशो क्षेत्रात असे पाचशेहून अधिक मालक आहेत.

या व्यवस्थेचा गाभा खंड ठरवण्याच्या पद्धतीत आहे. पर्यटक किती आले यावर तो अवलंबून नसतो. एकरी दर ठरलेला असतो आणि रक्कम ठरलेल्या वेळी मालकाच्या खात्यावर जमा होते. त्यामुळे जास्त गाड्या सोडण्यात जमीनमालकाचा काही फायदा उरत नाही. उलट आपल्याकडे ‘प्रत्येक गाडीमागे गावाला इतके रुपये’ असे ठरते, आणि मग रविवारी शंभर गाड्या आल्या तरी कोणीच फाटक बंद करायला तयार होत नाही. तंबूंचीही मर्यादा तेथे जमिनीच्या हिशेबाने बांधलेली असते. ओलारे मोटोरोगी या क्षेत्रात दर ७०० एकरांमागे एकच तंबू, असा नियम आहे. तुमच्या माळाला हाच नियम लावला तर सुमारे साडेतेरा हजार एकरांत एकोणीस तंबू बसतात, आणि येवला तालुक्यातील उन्हाळ्याचे पाणी लक्षात घेता माझ्या मते तेही फार झाले.

आता दुसरी बाजू. २०२० मध्ये कोरोनाने विमाने थांबली, पर्यटक आटले आणि कित्येक ठिकाणी ठरलेला खंडसुद्धा कमी करावा लागला. ज्यांनी गुरे कमी करून फक्त खंडावर भिस्त ठेवली होती त्यांचे हाल झाले. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर असल्याने पैसाही त्यांच्याच हाती गेला, आणि पाण्यासाठी व सरपणासाठी ज्या बायकांना लांबचा फेरा पडू लागला त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. मुख्य राखीव क्षेत्रात तर नदी ओलांडणाऱ्या कळपांभोवती किंवा एखाद्या चित्त्याभोवती गाड्यांचे असे कडे पडते की जनावराला शिकार सोडून निघून जावे लागते. एका जनावरापाशी पाचापेक्षा जास्त गाड्या नकोत, हा नियम तेथे कागदावर आहेच. तेव्हा ‘आफ्रिकेत जमते’ एवढे अर्धेच वाक्य गावात सांगू नये.

आणि एक मूलभूत फरक ध्यानात घ्या. मारातील ती जमीन लोकांची होती, म्हणून खंड लोकांना मिळाला. ममदापूरची राखीव जमीन सरकारी वनजमीन आहे. तेथे खंड घ्यायला कोणी मालकच नाही. हरणे मात्र रात्री राखीव क्षेत्राची हद्द ओलांडून शेतात चरतात. म्हणून खंडासारखी बांधीव रक्कम द्यायचीच असेल तर ती हद्दीलगतच्या शेतकऱ्यांना द्यावी लागेल.

उत्तर : कांदा-मका

वरच्या साहेबांचे शेवटचे वाक्य तरुणांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

माझी जमीन हद्दीला लागून आहे, त्यामुळे जे पाहतो तेवढेच सांगतो. मूग आणि मका उगवून वितभर झाला की हरणे उतरतात. कळप एकदा शिरला की कोवळे शेंडे राहत नाहीत आणि दुबार पेरणीशिवाय गत्यंतर नसते. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा, सातबारा, फोटो आणि हेलपाटे यांत हंगाम निघून जातो, आणि पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. तरीही आमच्याकडे हरणावर कोणी हात टाकत नाही, हे मुद्दाम नमूद करतो. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हरणे वस्तीकडे येतात, बिनकठड्याच्या विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली सापडतात किंवा मोकाट कुत्री त्यांना घेरतात. तेव्हा दोर घेऊन विहिरीत उतरणारी माणसे गावातलीच असतात.

तुमच्या सफारीत या कामाला काही किंमत आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. तिकिटातून पहिला पैसा विहिरींच्या कठड्यांना आणि माळावरचे पाणवठे टँकरने भरायला जाणार असेल, तर मी स्वतः सभेत हात वर करीन. जीपच्या मालकाला पैसा आणि आम्हाला हरणे, अशी वाटणी असेल तर आमचा विरोध राहील.

उत्तर : लेणी आणि वाडे

प्रश्नात धनगर वाड्यांचा उल्लेख सर्वांत शेवटी आला आहे. मी तेथूनच सुरुवात करतो, कारण माझ्या दृष्टीने या माळाचा वारसा जितका हरणांचा आहे तितकाच मेंढपाळांचा आहे.

टांझानियातील सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झाले आणि १९५९ मध्ये तेथील मसाईंना बाहेर काढून शेजारच्या न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात वसवण्यात आले. सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र स्थापनेपासूनच वन्यजीव आणि पशुपालक अशा दोघांचे मानले गेले होते, आणि युनेस्कोने २०१० मध्ये त्याला नैसर्गिक व सांस्कृतिक अशा मिश्र वारशाचा दर्जा दिला. असे असूनही अलीकडच्या काळात त्याच मसाईंना तेथून कित्येक मैल दूर, हांडेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलवण्याची मोहीम टांझानिया सरकारने हाती घेतली आणि त्यावरून मोठा वाद उभा राहिला. ‘लोकसंख्या वाढली, गुरे वाढली, पर्यटनाला बाधा येते’ ही तेथील कारणे आपल्याकडील कोणत्याही वन कार्यालयात शब्दशः ऐकू येतील. तेव्हा पहिल्या दिवशी ‘सर्वांना सोबत घेऊन’ असे लिहून भागत नाही. चराईची जागा आणि काळ लेखी ठरलेला नसेल तर दहा वर्षांनी मेंढपाळच उपरा ठरतो.

आपल्याकडे मेंढपाळ पावसाळा सरला की कोणत्या वाटेने येतात, कोणाच्या शेतात मेंढ्या बसवतात आणि त्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य देतो की पैसा, ही सगळी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे. तिची नोंद कोणी केलेली नाही. सफारीच्या आराखड्यात एक नकाशा वाड्यांच्या वाटांचा आणि बसण्याच्या जागांचा असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र ‘धनगर वाड्याला भेट’ हा कार्यक्रम कृपया ठेवू नका. मसाई गावांत पर्यटकांपुढे दिवसातून अनेकदा तीच उड्यांची नाचगाणी आणि तोच मण्यांचा बाजार चालतो. वाड्यावरच्या बाईने तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकायची आणि पाहुण्यांनी तिच्या तोंडापुढे मोबाईल धरायचा, हे आपल्याकडे व्हायला नको. मेंढपाळांना द्यायचेच असेल तर घोंगडीला रास्त भाव द्या.

अणकाई-टणकाईबद्दलही थोडे लिहितो. टणकाईच्या पायथ्याच्या जैन लेण्यांतील द्वारशाखा, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटी, आणि छतावरचे कमळ पाहताना लोकांचे हात आपोआप दगडाकडे जातात आणि त्या दगडाची झीज नुसत्या हातांनीही होते. शिवाय ऑइलपेंटने लिहिलेली नावे आणि बाण मारलेली बदामे आहेतच. न्गोरोंगोरोतच लेटोली नावाची जागा आहे, जेथे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ओल्या राखेवरून दोन पायांवर चालत गेलेल्या मानवपूर्वजांची पावले मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ मध्ये सापडली. ती पावले पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली नाहीत. अभ्यास झाल्यावर ती मातीवाळूने झाकली गेली. त्या मातीतून बाभळीच्या जातीचे बी आले, झाडे वाढली, मुळांचा धोका निर्माण झाला, म्हणून १९९० च्या दशकात जागा पुन्हा उकरून, मुळे काढून, मध्ये कापडी थर घालून ती नव्याने पुरण्यात आली. पाहणाऱ्यांना साच्यावरून केलेली प्रतिकृती दाखवतात. आपल्या लेण्यांचे असे काही करावे, असे मी म्हणत नाही; पण एका वेळी पंधरा माणसे आत, सोबत गावातला प्रशिक्षित वाटाड्या, आणि नक्षीच्या दारापाशी दोरी, एवढे तर आपल्याला जमावे.

उत्तर : पवन्या

लेणी आणि वाडे यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण चराईच्या बाबतीत पूर्णपणे नाही. भरतपूरच्या पाणथळ जागेत १९८२ मध्ये म्हशींची चराई एकदम बंद केल्यावर गवत माजून पाणपक्ष्यांचीच अडचण झाली, हा दाखला नेहमी दिला जातो आणि तो खरा आहे. म्हणून कोरड्या माळावर वाटेल तितकी मेंढरे चालतील, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. मारवेल आणि पवन्या ही चांगली गवते फुलावर यायच्या आत वारंवार खुडली गेली की मागे पडतात आणि त्यांच्या जागी जनावर तोंड लावत नाही अशी कुसळे उरतात. पावसाळ्यात माळाचे काही तुकडे मोकळे ठेवून बी पडल्यानंतर तेथे मेंढरे सोडणे, हा मधला मार्ग आहे. तो मेंढपाळांच्या येण्याच्या काळाशी जुळतोही.

मला त्याहून मोठा धोका झाडे लावण्याचा वाटतो. आपल्याकडे गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, अशी महसुली आणि सामाजिक समजूत घट्ट बसलेली आहे. पर्यटक येणार म्हटले की ‘हिरवळ’ हवी, म्हणून खड्डे खणून गिरिपुष्प लावले जाते आणि चर खोदले जातात. काळवीट दृष्टीवर आणि धावेवर जगणारे जनावर आहे; त्याला चहूबाजूंनी मोकळे रान लागते. झाडीत दबा धरणाऱ्या शत्रूला तोंड देण्याची त्याची घडणच नाही. तेव्हा तंबूवाल्यांनी सावलीसाठी माळावर झाडे मागितली तर ती राखीव क्षेत्राबाहेर, वस्तीच्या बाजूला लावावीत.

गाड्यांबद्दल नेमके लिहितो. नर काळवीट आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करत जातो आणि त्यावर उभे राहून प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतो. हा ढीग हातभर रुंद, काळसर आणि नेमका मोकळ्या सपाट जागी असतो, म्हणजे फोटोसाठी गाडी उभी करायला सर्वांना आवडेल अशाच ठिकाणी. नुकते जन्मलेले पाडस पहिले काही दिवस कळपासोबत धावत नाही. आई त्याला गवतात निजवून लांब चरायला जाते आणि ते पायाखाली येईपर्यंत हलत नाही. धाविक, टिटवी आणि चंडोल यांची अंडीही जमिनीवरच असतात. या तिघांसाठी एकच नियम पुरतो, तो म्हणजे गाडीने चाकोरी सोडायची नाही, मग समोर लांडग्याचे कुटुंब का दिसेना. एकदा कोणी आडवे घातले की पहिल्या पावसानंतर तीच घळ होते आणि पुढच्या वर्षी तिच्या शेजारून दुसरी चाकोरी पडते.

सकाळ-संध्याकाळ मिळून मोजक्या फेऱ्या, रात्रीची सफारी नाही, ड्रोन नाही, आणि लांडगा, तरस वा खोकड यांच्या बिळांची ठिकाणे समाजमाध्यमांवर टाकायची नाहीत, एवढे पथ्य वाटाड्यांनी पाळले तर माझी हरकत नाही. आफ्रिकेपर्यंत जायचेही कारण नाही. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळावरची सफारी सुरू केली आहे. आगाऊ नोंदणी आणि स्थानिक वाटाडे, अशी ती पद्धत आहे. तरुणांनी एखादी जीप भरून तेथे जावे आणि पर्यटकांपेक्षा तेथील वाटाड्यांशी जास्त बोलावे. हुरड्याच्या जेवणावळी मात्र गावात शेतावरच होऊ द्या. माळावर चुली आणि स्पीकर आले की बाकीच्या नियमांना काही अर्थ उरणार नाही.

प्रश्न विचारणारे : माळावरचा (नाशिकरोड)

सर्वांचे मनापासून आभार. कांदा-मका दादांचे म्हणणे बंधूंना वाचून दाखवले. त्यांनी ‘हेच मी सांगत होतो’ असे म्हणून मलाच सुनावले. आता एकच शंका उरते. वडीलधाऱ्यांच्या मनातील अभयारण्याची भीती खरी आहे का, आणि चराईचे तुकडे किंवा तिकिटातील वाटा हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? वनक्षेत्रपाल म्हणतात वर विचारा आणि सरपंच म्हणतात वन विभागाला विचारा.

उत्तर : कलम छत्तीस

भीतीला इतिहास आहे. माळढोकसाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खासगी शेते, गावे आणि रस्ते सगळेच आले. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, पक्ष्याबद्दल राग साठला, आणि पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक तोवर जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्यामुळे वडीलधाऱ्यांना नावे ठेवू नका.

संवर्धन राखीव ही वेगळी तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६अ आले; त्याखाली स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून केवळ शासनाच्या मालकीची जमीन राखीव करता येते. शेतकऱ्याची खातेजमीन त्यात येत नाही. माळाला आग लावणे किंवा विषारी, स्फोटक पदार्थ नेणे यांसारख्या गोष्टींना राखीव क्षेत्रात मनाई आहे, ती योग्यच आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कलम ३६ब मध्ये आहे. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापनाबाबत मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देण्यासाठी एक समिती असते. तीत वन विभागाचा सदस्य-सचिव, हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असावा, असे कायदाच सांगतो. चराई आणि पीकनुकसान या दोन्ही विषयांची माणसे तेथे आधीच आहेत. समिती सल्लागार आहे, हुकूम काढू शकत नाही; तरी पाच गावांनी एकमताने दिलेला ठराव बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जात नाही.

म्हणून तुम्ही असे करा. जीपचा विषय तूर्त बाजूला ठेवून पाचही ग्रामसभांत एकाच मजकुराचा ठराव मांडा : गाड्यांची रोजची कमाल संख्या, तिकिटातून आधी पाणवठे व विहिरींचे कठडे, हद्दीलगतच्या शेतकऱ्यांना गाड्यांच्या संख्येशी न जोडलेली वार्षिक रक्कम, आणि वाड्यांच्या वाटांचा नकाशा. मसुदा तयार झाला की येथे टाका, भाषा पाहून देतो. ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी सरपंचांना विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्या. आयत्या वेळच्या विषयांत ढकलला गेला तर नंतर त्या ठरावावर बोट ठेवायला जागा राहते.